सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवणचा समुद्र : तुमचे अनुभव सांगा

२०२५ साली मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात आपला सिंधुदुर्गही आहे. हा किल्ला ज्यावर उभा आहे त्या कुरटे बेटावर ज्यांनी पाय ठेवलाय त्यांनी इथे सविस्तर लिहा. होडीवाले किल्ल्यावर साधारण तासभरच देतात. तेवढ्यात काय चुकवू नये, हे जरूर सांगा.

कोल्हापूरहून
होडी पार जवळ गेली तरी दरवाजा दिसत नाही. समोर नुसता तट. काठाला लागल्यावर बुरुजांच्या वळणात तो एकदम सापडतो. १६६४ मध्ये पाया घातला तेव्हाच केवढा विचार केला होता! आत गेलात की आधी दरवाजावरच्या तटावर चढा. तिथे छोट्या घुमट्यांत शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, चुन्यात उमटलेला. आमची आजी तिथून हलायलाच तयार नव्हती, खालून होडीवाल्याच्या हाका सुरू. शिवराजेश्वराच्या, म्हणजे महाराजांच्याच देवळात मात्र निवांत बसा. राजाराम महाराजांनी बांधलेलं हे देऊळ. मूर्तीला दाढी नाही, त्यामुळे मुलांनी प्रश्नांची सरबत्ती केली.

ठाण्याहून
चारही बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी गोड्या पाण्याच्या! मला सगळ्यात जास्त हेच भावलं.

पुण्याहून
आम्ही किल्ल्याजवळच स्कूबा केलं, म्हणजे हवेची टाकी घेऊन पाण्याखाली गेलो. पोहता येत नव्हतं, तरी जमलं, कारण इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ धरून असतो. दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. खाली जाताना कान दुखायला लागले की नाक चिमटीत दाबून नाकातूनच हलकेच फुंकायचं, दुखणं अंगावर काढायचं नाही. आणि पाण्याखाली अंगठा वर केला तर 'मला वर न्या' असा अर्थ होतो. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल करून दाखवा. माझ्या बहिणीने खुशीत अंगठा दाखवला आणि तिला लगेच वर आणलं! पट्ट्यापट्ट्यांचे मासे अगदी मास्कच्या काचेसमोरून जातात. प्रवाळाला मात्र हात लावू नका, ते जिवंत असतं आणि वाढायला वर्षानुवर्षं लागतात.

मालवणातून
माका विचारशात तर किल्लो सकाळीच बघा. दुपारी तटावरचा दगड तापतो, लहान मुलांचे हाल होतात. पावसाळ्यात होडी बंद असते, तेव्हा जून-जुलैचे बेत करू नका. आत राणीची वेळा म्हणून छोटीशी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा आहे, बरेच जण तिकडे फिरकतच नाहीत. आणि किल्ल्यात अजून माणसं राहतात, त्यांच्या अंगणात न विचारता फोटो काढत शिरू नका.