मदत हवी आहे: घाटात गाडी मागे सरकते, जळका वास येतो, वॉरंटी संपत आलीय

पाथर्डी_फाटा | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. घाईत आहे म्हणून थेट लिहितो.

काल कल्याणहून परत येताना कसारा घाटात गाडीने फार त्रास दिला. ट्रकच्या मागे थांबलो, ट्रक हलला, मी पाय दाबला तर गाडी आधी हातभर मागे आली आणि मग धक्का देऊन पुढे गेली. असं चार-पाच वेळा झालं. मागे एसटी अगदी चिकटून होती. शेवटी गाडीत जळका वास भरला. बाबा पुढे बसले होते, त्यांनी दारावरचं हँडल धरलं ते घाटनदेवी येईपर्यंत सोडलं नाही.

आज सकाळी सर्व्हिस सेंटरला फोन केला. म्हणे, "घाटात होतं सर, नॉर्मल आहे." वॉरंटी याच महिन्याच्या २४ तारखेला संपतेय आणि शनिवारी आई-बाबांना घेऊन वणीच्या गडावर जायचंय. वॉरंटीत नवा क्लच बसवून घ्यायचाय. कोणी भांडून घेतलाय का? काय बोलायचं, कोणाला मेल करायची, एवढंच सांगा.

सिडकोकर | रात्री १०:२६

कोणती गाडी? मॅन्युअल की ऑटोमॅटिक? किलोमीटर किती झाले? गाडीत किती जण होते? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगणार काय?

द्राक्षबाग | रात्री १०:४०

दादा, माझ्याकडे स्वस्तातली उंच गाडी आहे, दिंडोरीकडच्या रस्त्यांसाठी घेतली. कागदावर ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) २०० मिलिमीटरच्या वर आहे, पण मागे तीन माणसं आणि चार क्रेट टाकले की मागची बाजू अशी बसते की मळ्यातल्या वाटेवर सायलेन्सर घासतो. पुढच्या दोन्ही चाकांत प्रेशर ३६ ठेवा, ओढायला हलकी जाते.

सिडकोकर | रात्री १०:४४

द्राक्षबाग, प्रश्न क्लचचा आहे. आणि ३६ का म्हणून? ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकर असतो, त्यावर असेल तेवढंच भरा. जास्त हवा भरून ओल्या घाटात ब्रेक मारला तर टायर पकड घेत नाही.

पाथर्डी_फाटा | रात्री ११:०५

गाडीचं नाव मुद्दाम लिहिलं नाही, नाव आलं की धागा त्यावरच जातो. चार मीटरच्या आतली क्रॉसओव्हर, म्हणजे ती उंच केलेली छोटी गाडी, पेट्रोल, २०२३ च्या दसऱ्याला घेतली. ३१ हजार किलोमीटर. ऑटोमॅटिक आहे, क्लचचं पेडलच नाही. आम्ही पाच जण होतो, मागे बॅगा. पण याचा संबंध काय? जी गाडी क्रॉसओव्हर म्हणून विकतात ती पाच माणसांना घेऊन घाट चढणारच ना.

मिस्त्री_सातपूर | रात्री ११:३१

साहेब, संबंध आहे. रागावू नका, एक-एक विचारतो.

इंजिन एक लिटरचं तीन सिलिंडरचं का? टर्बो आहे की साधं? गिअरच्या दांड्यापाशी प्लस-मायनस आहे का? चढावर थांबलात की पाय नक्की कुठे असतो? डिस्प्लेवर काही खूण लागली होती का, बीप वाजला का?

पेडल नाही म्हणजे क्लच नाही असं नसतं. तुम्ही सांगताय ती लक्षणं एएमटीची (ऑटोमेटेड मॅन्युअल गिअरबॉक्सची) वाटतात. आत गिअरबॉक्स साध्या मॅन्युअल गाडीचाच असतो, क्लचप्लेटही तीच. फक्त तुमच्या डाव्या पायाचं आणि हाताचं काम एक मोटर नाहीतर तेलाच्या दाबावर चालणारा अ‍ॅक्च्युएटर करतो. महागड्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेलाचं टॉर्क कन्व्हर्टर असतं, ते घसरलं तरी तेल गरम होतं, प्लेट जळत नाही. तुमच्याकडे ते नाही.

वसुधा_कॉलेजरोड | मंगळवार, सकाळी ७:१५

मला क्लचमधलं कळत नाही, पण वयस्कर माणसांना घेऊन जाताय म्हणून लिहिते. आमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. उंच गाडीत त्यांना न वाकता बसता येतं, हे सुख खरं. पण मागची सीट आखूड आहे, मांडीला आधार मिळत नाही. त्र्यंबकला जाऊन आलो तरी पाय भरून येतात त्यांचे. आता मांडीखाली दुमडलेली सोलापुरी चादर ठेवते. आणि वळणावर गाडी इतकी कलते की मागच्यांना मळमळतं. गडाचा घाट वळणांचा आहे, आईंना पुढे बसवा.

घाटवाट | सकाळी ८:०२

पाथर्डी_फाटा, तुम्ही लिहिलंत की क्रॉसओव्हर म्हणून विकतात ती घाट चढणारच. इथेच बहुतेकांची समजूत चुकते, माझीही चुकली होती.

ही गाडी बांध्याने हॅचबॅकच असते. त्याच पायावर छप्पर उंच करतात, चाकं १६ इंची घालतात, खाली काळं प्लास्टिक लावतात. इंजिन मात्र छोटंच राहतं, कारण लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असलं तरच कर कमी बसतो. साधं एक लिटरचं इंजिन म्हणजे ७० च्या आसपास अश्वशक्ती. रिकामी गाडी हजार किलोची, त्यात पाच माणसं आणि बॅगा म्हणजे चारशे किलो आणखी. एकटे ऑफिसला जाताना काही जाणवत नाही. कसाऱ्यात एसी लावून ट्रकमागे थांबलात की सगळं एकदम जाणवतं.

बाकीचं शोरूममध्ये कोणी बोलत नाही. तीन सिलिंडरची थरथर सिग्नलला उभं असताना स्टिअरिंगवर लागते. दारं पातळ, पावसात समृद्धीवर मागच्याशी बोलायला ओरडावं लागतं. उंचीमुळे मोकळ्या माळावर आडवा वारा आला की गाडी हलते. टायर बदलायची वेळ आली तेव्हा चार टायरचा खर्च बघून मी दोनच बदलले, दोन पुढच्या महिन्यात. स्टेपनी बारकी, तिच्यावर ८० च्या वर न्यायची नाही. आणि घेताना आपण टॉप मॉडेलचं माहितीपत्रक बघतो, खिशाला परवडतं ते मधलं घेतो. तुमचं मॉडेल कोणतं? हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, आहे का त्यात? खात्री करा.

अंबडचा_नोकरदार | सकाळी ९:२०

सगळा दोष ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा आहे. माझी गाडी आधी १४ द्यायची, आता ११ देते. पिकअपही गेला. इंजिन सडवतंय हे पेट्रोल.

सिडकोकर | सकाळी ९:४१

इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिसळलं तर निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के फरक पडेल. १४ चं ११ होणार नाही. तुम्ही रोज अंबडला जाता, द्वारका चौकात किती वेळ उभे असता ते मोजा. टाकी फुल ते टाकी फुल असा हिशोब करा, डिस्प्लेवरचा आकडा नको.

अंबडचा_नोकरदार | सकाळी ९:५०

मी द्वारकेवरून जातच नाही, सिडकोतून जातो. आणि हिशोब फुल टाकीचाच आहे. स्वतःच्या खिशातून पैसे जातात तेव्हा कळतं.

पाथर्डी_फाटा | सकाळी १०:३०

अहो, पेट्रोल राहू द्या, शनिवार जवळ आलाय.

मिस्त्री, उत्तरं देतो. एक लिटर, साधं इंजिन, टर्बो नाही. प्लस-मायनस आहे, कधी वापरलं नाही. माहितीपत्रक पुन्हा काढून बघितलं. हिल होल्डपुढे फक्त टॉप मॉडेलच्या रकान्यात टिंब आहे, माझ्या मॉडेलपुढे रेघ. मला वाटत होतं आहेच. दोन वर्षं मी तसंच समजून चालवत होतो.

बीप वाजत होता, हो. गिअरची पिवळी खूणही लुकलुकत होती. मला वाटलं मागे कोणाचा तरी बेल्ट लागलेला नाही.

पाय कुठे असतो? ब्रेक सोडला की गाडी मागे जाते, म्हणून थांबल्यावर अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून जागेवर धरतो. आधीच्या मॅन्युअल गाडीत हाफ क्लचवर तेच करायचो.

मिस्त्री_सातपूर | सकाळी ११:१०

सापडलं.

अ‍ॅक्सिलरेटरवर चढावर धरलेली गाडी म्हणजे प्लेट सतत घासतेय. मॅन्युअलमध्ये निदान पायाला थरथर लागते, माणूस सावध होतो. इथे पायाला काहीच कळत नाही, कळतं ते बीपने. तो बीप तुम्हाला क्लच गरम झाल्याचं सांगत होता. अशा वेळी बाजूला सुरक्षित जागा बघून थांबायचं, हँडब्रेक लावायचा, गाडी न्यूट्रलला ठेवून दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्यायची. माझ्याकडे अशी प्लेट उघडलेली आहे. निळी पडलेली, वरचं अस्तर नखाने भुगा होऊन निघत होतं, आणि गाडी जेमतेम २५ हजार चाललेली.

आता करायचं काय. चढावर थांबलात की ब्रेक दाबा, हँडब्रेक ओढा. पुढचा ट्रक एक फूट सरकला म्हणून लगेच सरकू नका, दोन गाड्यांची जागा होऊ द्या. निघताना दांडा मॅन्युअलला, फर्स्ट गिअर, अ‍ॅक्सिलरेटर ठामपणे द्या. गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं वाटलं की मग हँडब्रेक सोडा. आधी सोडलात तर मागे येणारच. आणि घाटभर फर्स्ट-सेकंड स्वतः टाका. ऑटोवर ठेवलं तर गाडी वरचा गिअर घेते, दम लागला की पुन्हा खाली येते, प्रत्येक बदलाला प्लेट घासते.

वॉरंटीचं खरं सांगतो, क्लचप्लेट झिजणाऱ्या वस्तूंमध्ये धरतात. ब्रेक पॅड, वायपरसारखं. भांडून फायदा होईल असं वाटत नाही. पण अ‍ॅक्च्युएटर आणि त्याचा कंट्रोलर सहसा वॉरंटीत असतो. त्यामुळे "क्लच बदला" म्हणू नका. "थंड गाडीलाही निघताना धक्का बसतो, तपासा" असं जॉब कार्डवर लिहून घ्या. स्कॅनर लावून क्लचचा बाइट पॉइंट (प्लेट पकड घ्यायला लागते ती जागा) गाडीला पुन्हा शिकवतात, ते करायला सांगा. आणि २४ तारखेच्या आधी.

पेठरोड | दुपारी १:१५

चढायचं सांगितलं, उतरायचंही सांगतो. गडावरून येताना न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं आणि क्लचलाही आराम. सावळघाट मी वीस वर्षं असाच उतरतोय.

मिस्त्री_सातपूर | दुपारी १:२४

हे कृपा करून कोणी करू नका! इंजेक्शनवाल्या गाडीत गिअर टाकून उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे जास्त जातं. आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही, तेव्हा दरीच्या कडेला काय कराल?

पेठरोड | दुपारी १:३८

वीस वर्षांत एकदाही ब्रेक गेलेला नाही माझा.

घाटवाट | दुपारी १:५०

माझा गेला होता, कसाऱ्यात, उतरताना. पेडल जमिनीला टेकलं होतं. बायको आणि धाकटी गाडीत होती. हँडब्रेक आणि सेकंड गिअरवर कशीबशी डोंगराच्या बाजूला घासून थांबवली. पेठरोड, तुम्ही मोठे आहात, पण हे दुसऱ्याला सांगू नका.

गंगापूररोड_७ | दुपारी ३:०५

विकून टाका सरळ. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. टर्बो इंजिन आणि टॉर्क कन्व्हर्टरवाली घ्या.

पाथर्डी_फाटा | दुपारी ३:२०

अजून ३८ हप्ते बाकी आहेत. आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या म्हणून जुनीला डीलर जो भाव सांगतोय तो ऐकवत नाही. विकायची नाहीये, नीट चालवायचीय.

वसुधा_कॉलेजरोड | संध्याकाळी ६:४०

गडाचं एक राहिलं. नवरात्रात आणि चैत्रात यात्रा असली की खाजगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात, वर एसटीने जावं लागतं. आता यात्रा नसली तर गाडी वर जाते. पायऱ्या चढवत नसतील तर वर ट्रॉली आहे, आई-बाबांना तिनेच न्या.

पाथर्डी_फाटा | गुरुवार, रात्री ९:१८

काल संध्याकाळी इंदिरानगर बोगद्याच्या चढावर वीस-बावीस वेळा सराव केला. पहिल्या सहा-सात वेळा हँडब्रेक लवकर सुटत होता. मग नाक उचललेलं जाणवायला लागलं, मिस्त्री म्हणतात तसंच. स्टिअरिंगवरच्या हातांना कळतं ते.

आज सर्व्हिस सेंटरला गेलो. आधी "नॉर्मल आहे" हेच पुन्हा. मी जॉब कार्डवर तक्रार लिहून मागितली आणि टेक्निशियनला गाडीत बसवून त्याच चढावर नेलं. सकाळची थंड गाडी, आम्ही दोघंच, तरी धक्का बसला. त्याने गुपचूप स्कॅनर लावला. बाइट पॉइंट पुन्हा शिकवला, धक्का निम्म्याने कमी झाला. प्लेट झिजलीय पण अजून चालेल म्हणाला. अ‍ॅक्च्युएटरची तपासणी मंगळवारी, वॉरंटीत. कार्डाची प्रत घेतलीय, तारीख आणि शिक्क्यासकट.

मिस्त्री_सातपूर | रात्री ९:४०

छान केलंत. शनिवारी गाडीत किती जण?

पाथर्डी_फाटा | रात्री ९:४४

चौघंच. धाकटा भाऊ बाइकवर येतोय, बॅगा त्याच्याकडे.

पाथर्डी_फाटा | रविवार, सकाळी ८:३०

जाऊन आलो. नांदुरीपासून वर सगळा घाट फर्स्ट-सेकंडवर, एसी बंद, काचा खाली. एका वळणावर एसटीला वाट द्यायला चढावर थांबावं लागलं. ब्रेक, हँडब्रेक, फर्स्ट. मागे अजिबात आली नाही. बीप नाही, वास नाही. उतरताना सेकंडवर.

आई पुढे बसली होती. बाबा मागे, मांडीखाली चादर घेऊन. माझं लक्ष आरशातून त्यांच्या हाताकडेच होतं. हँडल धरलेलं नव्हतं, प्रसादाची पिशवी मांडीवर धरून बाहेर बघत होते.

मंगळवारी अ‍ॅक्च्युएटरचं काय निघतं ते इथेच लिहीन.

देवळाली_कॅम्प | सकाळी ९:०५

माझ्याही गाडीला असाच वास येतोय, पण सपाट रस्त्यावर. काय असेल? लवकर सांगा.

सिडकोकर | सकाळी ९:०७

कोणती गाडी? मॅन्युअल की ऑटोमॅटिक? हँडब्रेक पूर्ण सुटतोय का?