'इव्हॅल्युएटिव्ह' म्हणजे मोजमाप की शेरेबाजी?

नीरक्षीर
संशोधनाच्या अहवालावर परीक्षकाचा ठरलेला शेरा: 'भाषा इव्हॅल्युएटिव्ह आहे.' म्हणजे वर्णन सोडून मतं मारलीत. मला हा अर्थच पटत नाही. 'क्ष² + १' मध्ये क्ष = ३ घालून १० उत्तर काढलं, तरी त्याला इव्हॅल्युएट करणंच म्हणतात. त्यात कुणाचं मत आलं? मूळ शब्द व्हॅल्यू, तेव्हा विशेषणही तटस्थच हवं.

बाराखडी
साफ असहमत. मुळावर बोट ठेवून आजचा अर्थ ठरत नाही. आणि मुळाशीच जायचं तर पुरतं जा. लॅटिन 'वालेरे' म्हणजे धडधाकट असणं, अंगात बळ असणं. किंमत असणं हाही त्याचाच एक अर्थ. व्हॅलिड, व्हॅलर, दुखण्यातून उठतानाचं कन्व्हॅलेसन्स, सगळी एकाच घरची. रोमन लोक निरोप घेताना 'वाले' म्हणत, म्हणजे ठणठणीत राहा. यात आकडा कुठाय?

नीरक्षीर
रोमनांचं राहू द्या हो. इंग्रजीत 'इव्हॅल्युएशन' आलं फ्रेंचमधून, अठराव्या शतकात, आणि ते किंमत ठरवण्यासाठीच. 'इव्हॅल्युएट' तर एकोणिसाव्या शतकातलं, म्हणजे नाम आधी आणि क्रियापद मागून.

तिरकस
तुम्ही दोघं शब्दकोशात अडकलात. या विशेषणाला वजन आलं ते विसाव्या शतकातल्या नीतिशास्त्रात. ब्रिटिश तत्त्वज्ञ आर. एम. हेअर यांनी १९५२ साली स्ट्रॉबेरीचं उदाहरण दिलं. गोड, रसाळ, लाल, मोठी: हे झालं वर्णन. 'चांगली स्ट्रॉबेरी' म्हटलंत की शिफारस केलीत, आणि ती शिफारस म्हणजे इव्हॅल्युएटिव्ह. परीक्षक हाच अर्थ घेतात.

बाराखडी
इतकी सरळ फाळणी होत नाही. तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९५८ मध्ये 'रूड' हा शब्द पुढे केला. समोरच्याचा अनादर दिसेल आणि तो दुखावेल असं कुणी वागलं, ही झाली घटना. ती मान्य केली की 'उद्धट' हा ठपकाही आपसूक आलाच. वर्णन कुठं संपलं सांगा बरं!

नीरक्षीर
मग तर 'भाषा इव्हॅल्युएटिव्ह आहे' हाही ठपकाच की! नेमका कुठला शब्द खटकला ते तरी लिहा.

तिरकस
ठपकाच आहे. परीक्षकाचं कामच ते. अहवाल लिहिणाऱ्यानं मात्र 'लक्षणीय वाढ' न लिहिता किती टक्के वाढ ते लिहावं.