फायकोबिलिसोमच्या प्रकल्पासाठी कोणता सायनोबॅक्टेरिया (निळा-हिरवा जीवाणू) घ्यावा?

भातखाचर: एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. हातात तीन महिने, खर्चाला ३,००० रुपये. नायट्रेटचा पुरवठा तोडला की पेशी प्रकाश पकडणारी फायकोबिलिसोम मोडून खातात आणि पिवळ्या पडतात, ते दाखवायचंय. एनबीएलए हे इवलंसं प्रथिन ती मोडतोड सुरू करतं. कॉलेजात स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. जात सुचवा.

गच्चीवरची_निळाई: स्पिरुलिना, दुसरा विचारच नको. माझे तीन टब आहेत. फॉस्फेट बफरमध्ये तीनदा गोठवा-वितळवा, फायकोबिलिसोममधलं निळं रंगद्रव्य, फायकोसायनिन, सुटतं. तापवू मात्र नका. माझा वॉटरबाथ चुकून ६० अंशांवर राहिला आणि सुंदर निळं द्रावण राखाडी झालं.

सीपीसी_बीए: सिनेकोसिस्टिस ६८०३! त्याचा अख्खा जीनोम १९९६ मध्येच वाचून झालाय. फायकोबिलिसोमला मधे गाभा, बाहेर दांड्या: दांड्यांतल्या फायकोसायनिनची जनुकं सीपीसीए-सीपीसीबी, गाभ्याची एपीसीए-एपीसीबी, आणि गाभा पेशीतल्या प्रकाशसंश्लेषणाच्या पटलाला जोडणारं एपीसीई. एनबीएलए काढून टाका, रंग टिकतो. फक्त एका पेशीत गुणसूत्राच्या अनेक प्रती असतात, सगळ्या बदलेपर्यंत नव्या प्लेटवर रेघा ओढून पेशी पुन्हा पुन्हा वाढवत राहा. आमचे दोन महिने त्यातच गेले. पेशींची चमक मोजायला फ्लुओरिमीटरही घ्याच.

गच्चीवरची_निळाई: तीन हजारांत फ्लुओरिमीटर? शेवाळावर एवढा खर्च कशाला?

सीपीसी_बीए: शेवाळ नव्हे, जीवाणू.

चिखलपाय: कोकणातल्या खाचरातलं अ‍ॅनाबीना तेवढं घेऊ नका. माझं पिवळं पडलं आणि दोन दिवसांत पुन्हा निळं-हिरवं! हेटरोसिस्ट नावाच्या खास पेशी तयार होऊन हवेतला नायट्रोजन घेऊ लागल्या. आलेख पार बिघडला.

जुनी_प्रयोगशाळा: जात कुठलीही घ्या, पेशी वाढवायचं माध्यम आधी तपासा. नेहमीच्या बीजी-११ माध्यमातून सोडियम नायट्रेट वगळलं तरी फेरिक अमोनियम सायट्रेट आणि कोबाल्ट नायट्रेट उरतातच, म्हणजे नायट्रोजनही. दोन्हींच्या जागी त्या धातूंची क्लोराइडं वापरा. पेशी दोनदा धुवा. ७५०चं वाचन (पेशींचा गढूळपणा) वजा करून ६२० आणि ६८० नॅनोमीटरचं गुणोत्तर रोज काढा: ६२० फायकोसायनिनचं, ६८० क्लोरोफिलचं.

टब_दुसरा: स्पिरुलिनाच. वर सांगितलंय तसं गोठवा-वितळवा.

भातखाचर: सगळ्यांचे आभार. माध्यम आजच बदललं. जात मात्र अ‍ॅनाबीनाच घेतेय. चिखलपाय, तुमचा बिघडलेला आलेखच मला हवाय. रंग जाताना सगळेच दाखवतात, मला तो परत येताना मोजायचाय. दर सहा तासांनी वाचन घेईन, रात्रीसुद्धा. पहिल्या फ्लास्कचं गुणोत्तर उद्या टाकते.