परदेशातल्या नोकरीचे पत्र हाती आले, तेव्हा आपण काय पाहून ठरवले? (अनुभव धागा)

जुना रावपुरेकर

गेल्या रविवारी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, तेव्हा तीत १९९६ सालचा एक फॅक्स सापडला. त्या काळच्या गुळगुळीत कागदावरची छापील अक्षरे पार उडून गेली आहेत आणि खाली मी पेनाने केलेली सही तेवढी शाबूत आहे. कझाकस्तानातल्या अतिराऊ गावी एका तेलप्रकल्पात मला देऊ केलेल्या नोकरीचे ते पत्र होते. मी सही केली, पण ते परत पाठवले नाही.

तेव्हा मी कोयलीच्या रिफायनरीत पंधरा वर्षे काढली होती. हा देश कुठे आहे ते पाहायला मुलीचा शाळेचा नकाशासंग्रह उघडला, तर तो जुन्या आवृत्तीचा निघाला आणि त्यात सगळा मुलूख सोव्हिएत संघाच्या एकाच गुलाबी रंगात होता. वडील म्हणाले, "जो देश नकाशातही नाही, तिथे पगार कोण देणार?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर मी ते शोधलेही नाही, कारण नकार द्यायला मला एक निमित्त हवेच होते.

आता माझ्या भाच्याला त्याच गावाहून बोलावणे आले आहे आणि उत्तर द्यायला त्याच्या हाती दहा दिवस आहेत. त्याने जावे की न जावे, हे मी विचारत नाही. आपल्यापैकी ज्यांच्यावर असा प्रसंग आला, त्यांनी काय तपासले, कोणाला विचारले आणि काय विचारायचे राहून गेले, ते लिहावे ही विनंती.

मांजलपूरची सूनबाई

काका, अतिराऊचे नाव वाचले आणि हातातले लाटणे खाली ठेवले. माझे यजमान २०१८ ते २०२३ त्याच भागात होते. अठ्ठावीस दिवस काम आणि अठ्ठावीस दिवस बडोद्यात, असा त्यांचा फेरा होता.

आमच्याकडे पगाराचा आकडा सगळ्यांनी तीनतीनदा वाचला. त्या फेऱ्याचा आणि आयकराचा संबंध मात्र कोणाच्या ध्यानात आला नाही. एप्रिल ते मार्च या वर्षात भारतात १८२ किंवा त्याहून अधिक दिवस राहिलात, तर करापुरते तुम्ही इथले निवासी ठरता आणि मग परदेशातली कमाईही इथल्या विवरणपत्रात दाखवावी लागते. निम्मे वर्ष घरी म्हणजे माणूस नेमका त्या उंबरठ्यावर उभा असतो. पुढे मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्यांचा घरातला प्रत्येक दिवस लाल पेनाने गोल करू लागले. आल्याचा आणि गेल्याचा दिवसही मी धरत असे, कारण त्यावरून वाद होऊ शकतो असे आमच्या सीएंनी बजावले होते. एका मार्चच्या पंचविसाव्या तारखेला १७९ गोल भरले, तेव्हा सुटीचे उरलेले दिवस टाकून ते परत गेले. नवरा घरात जास्त राहिला म्हणून बेचैन होणारी गल्लीतली मी एकटीच असेन.

दुसरी गोष्ट जानेवारी २०२२ ची. झानाओझेन गावात गाडीच्या गॅसच्या भाववाढीवरून निघालेले आंदोलन बघता बघता देशभर पसरले आणि तिथले इंटरनेट बंद झाले. आमच्या गच्चीवर धाकटा उत्तरायणाच्या पतंगांना कन्नी बांधत होता आणि मी खाली जिन्यात फोन उराशी धरून बसले होते. चौथ्या दिवशी त्यांचा साधा फोन आला, तो चाळीस सेकंद चालला आणि त्यात त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गॅस सिलिंडर आला का, हा. अशी वेळ आली तर माणसांना तिथून हलवण्याची जबाबदारी कोणाची, हे भाच्याने आजच लेखी विचारून घ्यावे. आमच्या करारात त्याविषयी एक ओळही नव्हती.

दिलासा द्यायचा तर तिथल्या आणि आपल्या घड्याळात अवघा अर्ध्या तासाचा फरक आहे. सासूबाईंना अमेरिकेतल्या दिरांशी बोलायला रात्री जागावे लागते. या मुलाशी मात्र त्या संध्याकाळची दिवाबत्ती झाली की बोलत.

गोत्री_नाका

मी काहीच ठरवले नाही; माझ्या छातीच्या एक्स-रेने ठरवले. लहानपणी बऱ्या झालेल्या क्षयाचा डाग त्यात दिसला आणि आखातासाठी मला 'अनफिट' शेरा मिळाला. तोवर मी इथला राजीनामा देऊन बसलो होतो. वैद्यकीय अहवाल आणि व्हिसा हाती आल्याशिवाय राजीनामा देऊ नये, एवढेच माझे सांगणे आहे.

सूरसागरकाठचा

मी १९८७ साली कुवेतला गेलो, तेव्हा एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे दिनारचा भाव. एका दिनारला त्या सुमारास पंचेचाळीसच्या आसपास रुपये पडू लागले होते आणि त्या गुणाकारापुढे दुसरे काही सुचत नव्हते.

२ ऑगस्ट १९९० च्या सकाळी कामावर निघालो, तर चौकात इराकी रणगाडे उभे होते. बँका बंद पडल्या आणि माझी तीन वर्षांची निम्मी बचत तिथेच अडकली. पुढे बसरा, बगदाद आणि जॉर्डनची सरहद्द असा बसचा प्रवास झाला, वाळूतल्या तंबूत नऊ रात्री काढल्या आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला पोहोचलो. त्या मोहिमेत एक लाखाहून अधिक भारतीयांना असे विमानाने परत आणले गेले. विमानात माझ्या शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवर शिलाई मशीनचे नुसते डोके होते. खालचे टेबल सोडावे लागले, याचे त्यांना मुंबई येईपर्यंत वाईट वाटत होते.

आता हसू नका, पण १९९२ मध्ये मी पुन्हा तिथेच गेलो. त्या वेळी मात्र ठरवून गेलो की दोन महिन्यांच्या खर्चापलीकडे एक दिनारही तिथे ठेवायचा नाही, आणि पासपोर्ट व करार यांच्या छायाप्रती प्रतापनगरला बहिणीकडे असतील. पगार किती यापेक्षा तो दर महिन्याला घरी कोणत्या वाटेने पोहोचेल, हे भाच्याला विचारा.

कारेलीबाग_कट्टा

सूरसागरकाका, एवढे सोसून तुम्ही परत गेलात, हे काकूंना कसे पटवलेत, तेही लिहा. आमच्या घरी मी सुरतला बदली घेतो म्हटले, तरी दोन दिवस कोणी बोलत नाही.

सूरसागरकाठचा

पटवले नाही. घराचे हप्ते थकले होते, त्यांनीच पटवले.

वाडीतला फिटर

मी आयटीआय करून पाइप-फिटर झालो. २०१६ साली एका एजंटाने आखातातल्या नोकरीसाठी माझ्याकडून पावणेदोन लाख रुपये घेतले. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घेता येतात, हे मला परत आल्यावर समजले. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर एजंटाचा नोंदणी क्रमांक पाहायला पाच मिनिटे लागतात. ती मी दिली नाहीत, कारण तो माणूस आमच्या ओळखीतला होता आणि ओळखीच्या माणसाला क्रमांक विचारणे मला अपमानाचे वाटले.

बडोद्यात मी सही केलेला करार इंग्रजीत होता. तिथे उतरल्यावर अरबीतला दुसरा करार पुढे आला, त्यातला पगार एक तृतीयांशाने कमी होता आणि पासपोर्ट 'जपून ठेवण्यासाठी' कार्यालयात जमा झालेला होता. अकरा महिने काढले. तेव्हा भारतीय दूतावासाचा फोन नंबर चपलेच्या आतल्या पट्टीवर लिहून ठेवला होता. ती चप्पल अजून घरात आहे आणि बायको ती टाकू देत नाही.

भाच्याचे काम मोठ्या कंपनीत आहे, तिथे असे होणार नाही. तरीही पासपोर्ट कोणाजवळ राहणार, हे त्याने विचारावेच.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. जर्मनीत जाण्यासाठी नोकरी सांभाळून भाषेची बी-टू पातळी गाठली आणि त्यात दीड वर्ष गेले. मध्यस्थ संस्थेच्या करारात लिहिले होते की तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च परत करावा लागेल, पण रकमेची जागा कोरी होती. बंधाला माझी हरकत नव्हती. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेबांनीही परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचे लिहून दिले होते, म्हणजे आपल्या गावाला ही रीत जुनीच आहे. कोऱ्या जागेखाली सही करायला मात्र मी तयार झाले नाही. आकडा भरून मागितला, तर तीन आठवडे उत्तर आले नाही, आणि त्या तीन आठवड्यांत माझे मनच उतरले.

माझ्याबरोबर शिकलेली मैत्रीण तशीच सही करून गेली आणि आज तिचे तिथे उत्तम चालले आहे. मी चुकले का, याचा विचार दर रात्रपाळीला एकदा तरी येतोच.

जुना रावपुरेकर

सर्वांचे मनापासून आभार. काल भाच्याला समोर बसवून हे सारे वाचून दाखवले. त्याने कंपनीला चार प्रश्न पाठवले: पासपोर्ट कोणाजवळ राहील, पगार कोणत्या चलनात आणि कोणत्या देशातल्या खात्यात जमा होईल, अशांतता झाली तर बाहेर काढण्याची जबाबदारी कोणाची, आणि आई-वडिलांपैकी कोणी आजारी पडल्यास मधल्या सुटीचे तिकीट कोण काढील. आज सकाळी पहिल्या तिन्हींची उत्तरे आली आणि ती समाधानकारक आहेत. चौथ्याविषयी 'कळवतो' म्हणाले आहेत.

गोत्री_नाका यांचे ऐकून त्याने राजीनामा खिशातच ठेवला आहे.

सूनबाई, आपली हरकत नसेल, तर माझी बहीण आपल्याशी फोनवर बोलू इच्छिते. ती आयकराचे काही विचारणार नाही. मेतकूट तिथल्या थंडीत किती दिवस टिकते, एवढेच तिला हवे आहे.

मांजलपूरची सूनबाई

अवश्य बोलू, दुपारी दोननंतर मी मोकळी असते. मेतकूट तीन महिने सहज टिकते, पण त्यांना सांगा की काचेच्या बरणीत देऊ नका. आमची पहिली बरणी सामानात फुटली आणि यजमानांनी तो आख्खा फेरा पिवळ्या स्वेटरवर काढला.