मदत हवी आहे : केस रिपोर्टला संमती देताना घरच्यांची ओळख कशी जपावी?

नमस्कार. आम्ही विदर्भातील एका लहान खेड्यात राहतो. घरातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांना अल्काप्टोन्युरिया हा दुर्मिळ आनुवंशिक आजार असल्याचे निदान अलीकडे एका वैद्यकीय महाविद्यालयात झाले असून, तेथील डॉक्टरांना त्यावर केस रिपोर्ट (एका रुग्णाच्या आजाराची हकीकत सांगणारा लेख) लिहून वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवायचा आहे. संमतिपत्र घरी आले आहे. संमती द्यायची हे आमचे ठरलेले आहे. ती कोणत्या अटींवर द्यावी आणि रुग्णाखेरीज आणखी कोणाला विचारावे लागेल, एवढ्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे. (पुढे मी त्यांना काका म्हणतो, पण नाते तेच आहे असे समजू नये. जिल्हा, वय आणि महाविद्यालयाचे नाव मुद्दाम दिलेले नाही.)

आजाराविषयी थोडक्यात सांगतो. या आजारात होमोजेंटिसिक आम्लाचे विघटन करणारे एन्झाइम जन्मापासूनच काम करीत नाही. त्या आम्लाचा बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो, म्हणून लघवी हवेत राहिली की काळसर पडते. उरलेले आम्ल वर्षानुवर्षे कूर्चेत साचत राहते आणि साधारण तिशी-चाळिशीनंतर कंबर, गुडघे व खुब्याचे सांधे धरू लागतात. काका तान्हे असताना त्यांची दुपटी सोड्याच्या पाण्यात टाकली की काळी होत, आणि आजी ते बिब्ब्याचे डाग समजत असे. पुढे कंबर दुखू लागली तेव्हा ती वावरातल्या कामाने दुखते असेच सर्वांनी धरले. जन्मभर कापूस वेचलेल्या माणसाची कंबर दुखते याचे आमच्याकडे कोणाला नवल वाटत नाही. अखेर एक्स-रेमध्ये मणक्यांमधील चकत्यांत कॅल्शियम साचलेले दिसले आणि त्याच वेळी एका निवासी डॉक्टरांचे लक्ष काकांच्या डोळ्यांतील पांढऱ्या भागावरच्या काळपट डागांकडे व कानांच्या निळसर छटेकडे गेले. त्यांनी लघवीची तपासणी करवली नसती, तर काका अजूनही कंबरेला तेल चोळत बसले असते. त्यामुळे या डॉक्टरांविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे.

घरातील काही मंडळींना ‘अंगावर प्रयोग करतील’ अशी धास्ती वाटत होती. केस रिपोर्टमध्ये जे घडून गेले तेवढेच लिहिले जाते, नवे औषध देऊन पाहिले जात नाही, आणि औषधाची चाचणी असती तर ती क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये नोंदवावी लागली असती (१५ जून २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे), हे समजावून सांगितल्यावर ती शंका मिटली. खरी अडचण दोन ठिकाणी आहे.

पहिली अडचण छायाचित्रांची. रुग्णाची ओळख लपवण्यासाठी डोळ्यांवर काळी पट्टी मारण्याची जुनी पद्धत आहे, आणि तीही पुरेशी नाही असे वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने स्पष्ट सांगितलेले आहे. येथे तर दाखवण्याजोगे लक्षणच डोळ्यांत आहे, तेव्हा पट्टी मारणार कशावर? केवळ डोळ्याचा आणि कानाचा जवळून काढलेला फोटो वापरू, असे डॉक्टर म्हणतात. परदेशातल्या वाचकाला त्यावरून काही कळणार नाही. मात्र आमच्या आठवडी बाजारात काकांचे ते डोळे ओळखणारी माणसे पुष्कळ आहेत, आणि त्यांची मुले आता मोबाइलवर सगळे वाचतात.

दुसरी अडचण वंशावळीची आहे आणि मला ती अधिक अवघड वाटते. काकांचे आईवडील आते-मामे भावंडे होते. आपल्याकडे मामाची मुलगी करण्यात कोणाला वावगे वाटत नाही, पण या आजारात नेमकी तीच गोष्ट महत्त्वाची ठरते. ब्रिटिश डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ साली याच आजाराच्या रुग्णांचा अभ्यास करताना अनेकांचे आईवडील सख्खी चुलत-मावस भावंडे असल्याचे नोंदवले होते आणि त्यातूनच आनुवंशिक चयापचय दोषांची कल्पना पुढे आली. त्यामुळे डॉक्टरांना लेखात तीन पिढ्यांची आकृती द्यायची आहे : पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, नात्यातील लग्नासाठी दुहेरी रेघ, बाधित व्यक्तीचे चिन्ह भरलेले. नाव कोठेही नाही. तरीही किती भाऊ, किती बहिणी, कोण लहानपणी गेले, कोणाला किती अपत्ये, हे त्या आकृतीत जसेच्या तसे असेल, आणि सोयरिकीच्या निमित्ताने आमच्या घराची चौकशी करणाऱ्या माणसाला तेवढे पुरेसे आहे. काकांच्या मुलीसाठी सध्या स्थळे पाहणे चालू आहे. ती दोषाची वाहक (म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेली) असणार हे खरे. पण वाहकाला स्वतःला काहीही त्रास होत नाही आणि जोडीदारही वाहक असला तरच मुलांना आजार होण्याचा संभव असतो. हे मी शंभर वेळा सांगू शकेन, परंतु बैठकीत बसलेल्या मध्यस्थाला ‘खानदानी आजार’ हे दोनच शब्द ऐकू येतील.

माझे प्रश्न असे आहेत. संमतिपत्रावर फक्त काकांची सही मागितली आहे. मग आकृतीत येणाऱ्या बाकीच्या माणसांचे काय? वंशावळ वगळली तर लेखाचे मोल कमी होते का? प्रसिद्ध झाल्यानंतर संमती मागे घेता येते का? आणि संमतिपत्र इंग्रजीत आहे, ते मराठीत मागणे रास्त ठरेल का?

प्रतिसाद १

मी विदर्भातच एका महाविद्यालयात शिकवतो, म्हणून लेखकाच्या बाजूने लिहितो. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत असे कलम आहे की, रुग्णाची ओळख पटेल अशा रीतीने त्याचे छायाचित्र किंवा केस रिपोर्ट त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. ओळख उघड होणार नसेल तर परवानगीची गरज नाही. आता ओळख पटेल की नाही हे ठरवतो कोण? महाविद्यालयात बसून आम्ही ठरवतो, आणि आम्हाला तुमचा आठवडी बाजार माहीत नसतो. म्हणून तुमची शंका डॉक्टरांना जशी येथे लिहिली तशीच सांगा. वंशावळ अनेकदा संक्षिप्त करता येते : आईवडिलांचे नाते आणि रुग्ण एवढेच ठेवून बाकीची भावंडे न दाखवता ‘अन्य कुटुंबीयांत लक्षणे आढळली नाहीत’ असे एक वाक्य लिहिले तरी शास्त्रीय मुद्दा शाबूत राहतो. मात्र ओळख लपवण्यासाठी भावाच्या जागी बहीण दाखवणे असले बदल करू देऊ नका. त्याने लेख खोटा होतो. आकृती पूर्ण द्यायची असेल तर त्यातील सज्ञान व्यक्तींना, विशेषतः त्या मुलीला, स्वतंत्रपणे विचारलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. वडिलांनी सही केली म्हणजे तिनेही होकार दिला असे होत नाही.

प्रतिसाद २

मराठी संमतिपत्र मागणे रास्तच आहे. समजत नसलेल्या भाषेतल्या कागदावरची सही ही संमती म्हणता येत नाही. काका अंगठा करीत असतील तर रुग्णालयाशी संबंध नसलेला, लिहिता-वाचता येणारा साक्षीदार सोबत न्या. सही करण्यापूर्वी मसुदा आणि निवडलेले फोटो पाहायला मागा. प्रसिद्धीपूर्वी संमती मागे घेता येते. नंतर मात्र ती मागे घेण्याचा फारसा उपयोग नसतो, कारण खुल्या परवान्याखाली आलेला लेख आणि त्यातील फोटो इतर कोणीही उचलून पुन्हा वापरू शकतो. आणखी एक गोष्ट : केस रिपोर्ट कसा लिहावा याची ‘केअर’ ही मार्गदर्शक सूची २०१३ साली आली, आणि तिच्यात रुग्णाचे स्वतःचे म्हणणे नोंदवण्यासाठी जागा आहे. दुपट्यांची ती हकीकत काकांच्या तोंडून तेथे यायला हवी, कारण बाळाच्या कपड्यांवरचे काळे डाग हीच या आजाराची सर्वांत आधी दिसणारी खूण आहे आणि ती वाचून एखाद्या ग्रामीण डॉक्टरला पुढचे मूल वेळेत ओळखता येईल.

लेखाची वाट न पाहता सर्व तपासण्यांच्या प्रती लेखी अर्ज करून घेऊन ठेवा. त्याच आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. या आजारावरील निटिसिनोन या औषधाला युरोपात २०२० मध्ये प्रौढ रुग्णांसाठी मान्यता मिळाली आहे. ते काकांना योग्य आहे का, हे तज्ज्ञच सांगतील; त्याने रक्तातील टायरोसिन हे अमिनो आम्ल वाढते, म्हणून आहारावर आणि डोळ्यांवर लक्ष ठेवावे लागते. दुर्मिळ आजारांसाठीचे केंद्र मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. तेथे जाताना हीच कागदपत्रे लागतील.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. संक्षिप्त वंशावळीचा पर्याय डॉक्टरांपुढे ठेवतो. फोटोंपैकी कानाचा चालेल, डोळ्याचा एकाच बाजूचा आणि भुवई न दिसता घ्यावा, असे काकांनीही सुचवले आहे. मुलीशी आज बोललो. पूर्ण आकृतीला तिचा नकार आहे, पण बापाच्या लेखाला नाही. आणि स्थळाकडच्यांना आपण स्वतःच सांगू, त्यांनी ते इंटरनेटवरून शोधून काढू नये, असे तिचे म्हणणे पडले. केस रिपोर्टच्या संमतिपत्राचा चांगला मराठी नमुना कोणाकडे असल्यास कृपया येथे मजकूर टाकावा, म्हणजे पुढच्या ओपीडीला जाताना तो छापून सोबत नेता येईल.