घड्याळ थांबलं म्हणजे माणूस जातो काय?

वडगावकर: गेल्या आषाढात आमचे आज्जा गेले. त्याच आठवड्यात भिंतीवरचं चावीचं घड्याळ बंद पडलं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "आधीच खूण दाखवली की त्यानं!" तेव्हापासून आई बंद घड्याळ घरात ठेवू देईना. अहो, दर आठवड्याला चावी द्यायचे ते आज्जाच. ते अंथरुणाला खिळल्यावर चावी देणार कोण?

खानापूरची सून: खूण सापडली की ती करणारीही सापडते, त्याचं काय? सासरे आजारी असताना मी तवा धुऊन पालथा घातला होता, निथळायला. आमच्याकडचा पाऊस, बिडाचा तवा, ओला राहिला की सकाळी तांबूस. सासरे गेल्यावर दिवसाला आलेल्या बायकांत चर्चा तव्याचीच. डॉक्टरांनी फुप्फुसात पाणी झालंय म्हणून सांगितलेलं, ते कुणाला आठवेना.

निपाणीचा आप्पा: सुनेला बोल लावणं वाईटच. पण म्हणून सगळंच झाडून टाकू नका. आपण दिवा 'विझला' म्हणत नाही, 'शांत झाला' म्हणतो. बांगडी फुटत नाही, वाढते. माणूस गेल्यावर त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवतात, वात दक्षिणेला. एकदा तो दिवा बघितलेल्याला एरवी तशी वात बघवत नाही. ह्यात अंधश्रद्धा कुठं आली?

वडगावकर: मग धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेलाच वात करतो ती? अपमृत्यू टळावा म्हणूनच ना?

आप्पा: ती वर्षातून एकदा, मुद्दाम केलेली. रोज कोण बोलावतंय त्याला?

अनगोळकर: आपल्याकडचे पुढारी सतीश जारकीहोळी ६ डिसेंबरला बेळगावात सदाशिवनगरच्या स्मशानात अंधश्रद्धेविरुद्ध कार्यक्रम घेतात, रात्रीही तिथंच राहिलेत. माणूस ठणठणीत आहे, निवडणुकाही जिंकतोय. आणि आपण रिकामा पाळणा हलला की दचकायचं! कर्नाटकात अंधश्रद्धेविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, पण तो अघोरी प्रकारांसाठी. पालथ्या तव्यावरून टोमणे मारणाऱ्यांना कुठलं कलम लावणार?

आप्पा: पुढाऱ्याचं राहू द्या. त्यांच्याबरोबर शंभर माणसं असतात. आजाऱ्याच्या उशाशी रात्री दोन वाजता एकटं बसून बघा, पाल चुकचुकली तरी पोटात गोळा येतोय.

खानापूरची सून: आप्पा, मी बसलेय तशी. सतरा रात्री. तेव्हा त्या बायकांपैकी एकही नव्हती.

आप्पा: ...हे मात्र खरं.

वडगावकर: आणि तवा?

खानापूरची सून: परवा सासूबाईंनीच धुतला आणि भिंतीला टेकवून उभा केला. निथळतोही, पालथाही नाही.