ओम्नीच्या इंजिनवर बनवलेली सेव्हन मागून उड्या मारते, पाटे काढू का?

कपाशी_अन्_कार
राम राम मंडळी. दोन उन्हाळे झाले, गोठ्याबाजूच्या शेडमध्ये लोटस सेव्हनची, म्हणजे त्या जुन्या हलक्या इंग्लिश स्पोर्ट कारची, कॉपी बनवून रायलो. एक इंची चौकोनी पाईप 16 गेजचा, चेसिस मित्राच्या ट्रॉलीच्या वर्कशॉपात जोडली, अन् इंजिन, गिअरबॉक्स, मागची हाउसिंग (मागच्या चाकाचा एक्सल) सगळं एका ठोकलेल्या ओम्नीचं, कारण तिचं इंजिन लांबीत बसते अन् ताकद मागच्या चाकाले जाते. थ्री फेज रात्रीच राहे म्हणून बरंचसं वेल्डिंग बारा वाजल्यानंतर झालं, माय म्हणे पोराले भूत लागलं.

आता गाडी चालते, पण आमच्या वावरातल्या रस्त्यावर 30 च्या वर नेली का मागून अशी उडते का चाक जमिनीले टेकतच नाई. पाटे (मागच्या लीफ स्प्रिंगा) ओम्नीचेच आहे. कोणी म्हणते दोन पाटे काढ, कोणी म्हणते सीटमागं युरियाची दोन पोती ठेव. ठेवून पायली, खरंच बरी चालते, पण 90 किलो युरिया घेऊनच फिरायचं तर हलकी गाडी बनवली कायले?

जुना_फिटर
पाट्याले हात लावायच्या आधी टायरमधली हवा चेक कर भाऊ. ओम्नीत भरतो तेवढीच भरली असशील. एवढ्या हलक्या गाडीले 18-20 पुरते. फुकटचं काम आधी. अन् जिनिंग सुरू झाली असंल तर तिथल्या काट्यावर नेऊन वजन कर, आधी पूर्ण गाडी, मंग फक्त मागची चाकं काट्यावर. आकडा नाई अन् पाटे काढतो म्हणे!

दिग्रसचा_पुण्यात
हवेचं बरोबर आहे, पण मूळ दुखणं वेगळं आहे. ते पाटे माणसं आणि सामान भरलेल्या व्हॅनसाठी आहेत, तुझ्या गाडीचं वजन त्यांना जाणवतच नाही, म्हणून ते वाकत नाहीत आणि उलट गाडीलाच फेकतात. पोती ठेवल्यावर बरं वाटलं ते त्यामुळेच. मग पाटे कमी कर, एकेक करून, मेन पाटा सोडून, आणि सेंटर बोल्ट नवीन कमी लांबीचा टाक, यू बोल्ट परत टाईट कर.

पण एक लक्षात ठेव. ओम्नीत पाटा दोन कामं करतो, वजन उचलतो आणि हाउसिंगला जागेवर धरतो. नरम केला की क्लच सोडताना हाउसिंग पिळेल आणि चाकं थरथर उडतील, म्हणजे एक उडी गेली दुसरी आली. 1957 च्या सेव्हनलाही मागं सरळ हाउसिंगच होती, पण वजन कॉइल स्प्रिंगवर आणि हाउसिंग धरायला वेगळे रॉड. तुला शेवटी तिकडंच जावं लागेल, पाईप तर तू वेल्ड करतोसच. आणि शॉकअप व्हॅनचे असतील तर तेही बदल.

वाळ्याची_ताटी
मस्त काम राजेहो, फोटो टाका नं. फक्त रोडवर काढू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये साध्या गाडीत बदल केला तरी लफडं होते, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं तेच सांगितलं, अन् ही तर पूर्ण घरची गाडी, पासिंग कुठून होईल. वावरातच मजा घ्या. अन् मे महिन्यात गरम होईल तेव्हा आठवण करा माझी, रेडिएटरमधून आत गेलेल्या हवेले बाहेर निघाले बोनेटच्या बाजूनं जाळी ठेवा, नाई तर वाळ्याची ताटी लावा समोर 😄

कपाशी_अन्_कार
हवा 20 केली, अर्धी उडी तिथंच गेली, फिटरभाऊ तुमचे पाय धरतो. काट्यावर पूर्ण 570 भरली, मागं 300. एक पाटा काढला, आता धुऱ्यावरून बी बसून जाते. पण पयल्या गिअरले जोरात सोडली का मागून ठक ठक ठक, पुण्याच्या भाऊनं म्हटलं तेच. रॉड बसवतो, पण आता कापूस वेचणीले माणसं लागून रायले, तूर निघाल्यावरच शेड उघडतो. तोवर कोणाजवळ रॉडसाठी रबर बुश कोणते घ्यावे ते माहीत असंल तर सांगा, ट्रॅक्टरचे लय जाड येतात.